शून्य धरायचं राहिलं

१२ जानेवारी २००२, आळे

खताच्या दुकानदारानं नव्या वर्षाची डायरी दिली. पुठ्ठ्यावर गोणीचं चित्र आहे. अंजना म्हणाली, "यात तुम्हीच लिहा काहीतरी. पूर्वी लिहायचात ना." तिला कुणी सांगितलं कोण जाणे. लग्नानंतर मी तर कधी बोललो नाही.

शेवटची डायरी पुण्यात लिहिली, विद्यापीठाच्या वसतिगृहात. १९९४च्या नोव्हेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी पंधरा दिवसांची सुट्टी काढून घरी आलो. ते पंधरा दिवस अजून संपले नाहीत.

पीएच.डी.चा विषय होता डिफरेन्शियल इन्क्लूजन. साध्या विकलक, म्हणजे डिफरेन्शियल, समीकरणात वस्तू आत्ता कुठे आहे हे कळलं की पुढच्या क्षणी ती कुठल्या वेगानं कुठे जाणार हे ठरलेलं असतं, रुळावरच्या गाडीसारखं. पण जगातल्या पुष्कळ गोष्टींना रूळ नसतात. तिथे एका वेगाऐवजी वेगांचा अख्खा संच द्यायचा. यातला कोणताही वेग ती घेईल, कोणता ते आपल्याला ठाऊक नाही. माझ्या गाईड देवस्थळे मॅडम फळ्यावर प्रत्येक बिंदूपाशी बाणांचा छोटा पंखा काढायच्या. त्या पंख्यांमधून वाटांचा झुबका निघायचा, आणि मग प्रश्न एवढाच, की या झुबक्यात निदान एक तरी वाट सुरक्षित जागेतच राहणारी आहे का? खडू त्या आधी मधोमध मोडून घ्यायच्या, अख्खा खडू किंचाळतो म्हणून. चार वाजता खिडकीतलं ऊन बरोबर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात उतरायचं.

आता यातल्या कशाची आठवण येत नाही. ऊस आहे, कांदा आहे, दोन गाई आहेत. वेळ कुठे आहे?

बाबांचं बोलणं अर्धंच सुटतं. आज पुन्हा डाव्या हातानं मधल्या घरातल्या खताच्या गोण्यांकडे दाखवून "फळ, फळ" म्हणत होते. त्या गोण्यांमागची भिंत त्यांनीच मी एम.एस्सी.ला असताना काळी रंगवली होती, सुट्टीत मला लिहायला. मी केळं सोलून दिलं. त्यांनी हात झटकला. उद्या चिक्कू आणतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तोड आली. हौशीराम मुकादमाची टोळी आहे, अकरा कोयते, म्हणजे नवराबायकोच्या अकरा जोड्या. पाथर्डीकडची माणसं. रस्त्याकडेला त्यांनी राहायला पाचटाच्या कोप्या उभ्या केल्या. अंजनानं सगळ्यांना तिळगूळ दिला. त्यांच्यातली सोनीबाई वयानं मोठी, पन्नाशीची. तिळगूळ तोंडात टाकून तिनं आधी उसाकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, ह्यात काय हाय का?"

मी नाही म्हणालो. खरं तर माहीत नाही. तीन आठवड्यांपूर्वी पलीकडच्या वाडीत घरासमोरून एका मुलीला बिबट्यानं ओढलं. आईनं आरडाओरड केली म्हणून सोडलं. मुलगी वाचली, मानेला सतरा टाके पडले.

मी लहान होतो तेव्हा वाघ म्हणजे पश्चिमेकडची गोष्ट, आहुप्याच्या देवराईतली. आमच्याकडे बाजरी आणि हरभरा. आजी मला हरभऱ्याच्या शेतात बसवून ठेवायची आणि बांधावरून पार डोंगरापर्यंत नजर जायची. मग कालव्याचं पाणी आलं, उसानं सगळं झाकलं. माणसाला जे पीक तेच बिबट्याला रान. तो तिथंच जन्मतो, तिथंच मोठा होतो. त्याला डोंगर ठाऊकही नसेल.

चिक्कूलाही बाबांनी हात झटकला.

१६ जानेवारी

सकाळी नऊला सोनीबाई उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करायला वाकली आणि तशीच मागे सरकत बाहेर आली. ओरडली नाही. हौशीरामला म्हणाली, "कोयते थांबव. पिल्लं हायेत."

दोन पिल्लं, मांजराएवढी. डोळे उघडलेले. मादी दिसली नाही.

तासाभरात अर्धं गाव बांधावर उभं. शेजारचा सूरज काडेपेटी घेऊनच आला होता. आमची विहीर सामाईक आहे, बांधाला बांध आहे. त्याच्या चुलतभावाची मुलगी म्हणजे ती टाके पडलेली.

"पेटवून द्या. तसाबी जळका ऊस कारखाना घेतोच."

"आत पिल्लं आहेत," मी म्हणालो.

"म्हनूनच. उंद्या त्यांचे वाघ व्हतील. भाऊ, तुमची आरोही किती वर्साची हाय?"

सहा वर्षांची आहे.

अकराला वनखात्याचा बहिरू आला, आहुप्याचाच. काटक, कमी बोलणारा. त्यानं पिल्लांना हात लावला नाही, माती तेवढी पाहिली. "मादी लांब न्हाई. आजचा दिस कुनी फिरकू नका. ती एकेक करून उचलंल. पिल्लं हलवली तर ती घराघरातनी हुडकत फिरंल, मंग माजं नाव घेऊ नका."

हौशीरामनं उद्याचाही एक दिवस दिला. कारखान्याची गाडी त्यानं दुसऱ्या फडावर वळवली.

दुपारभर मला एकच गोष्ट छळत होती. टोळी नेहमी दोन्ही अंगांनी तोडत येते, लवकर उरकतं. ऊस आखडत आखडत मधे एक बेट उरतं आणि जनावर त्या बेटात अडकतं. चहूकडे माणसं, चहूकडे कोयते. मग ते कुणाच्या तरी अंगावरून बाहेर पडतं. सगळे म्हणतात बिबट्यानं हल्ला केला. पण त्याला वाट कुठे ठेवली होती? प्रत्येक बिंदूपाशी त्याचा एक पंखा आहे. निदान एक तरी बाण सुरक्षित बाजूला राहील असं तोडलं तर?

अंजनाला म्हणालो, मोठा कागद आहे का. तिनं मधल्या घरातल्या गोण्या ओढायला सुरुवात केली. चौदा गोण्या, एकटीनं. मागची काळी भिंत तशीच होती. कोपऱ्यात माझ्या हातची १९९३ची एक अर्धवट सिद्धतासुद्धा.

बाबा खाटेवरून पाहत होते. हसू लागले, मग डोळ्यांतून पाणी. घरात इतकी माणसं येत-जात होती, त्याचा त्यांना आनंद झाला असणार. आज त्यांनी फळ मागितलं नाही.

१७ जानेवारी

एक पिल्लू गेलं! बहिरूनं सकाळी मातीत माग दाखवला, ओढ्याकडे गेलेला. दुसरं तिथंच आहे. आजचा दिवस संपेपर्यंत ते नेलं नाही.

हौशीरामला उद्या कोयते लावायचेच आहेत, दुसऱ्या फडावर जागा नाही. त्याला, सोनीबाईला, बहिरूला भिंतीपाशी बसवलं. साडेतीन एकरांचा नकाशा काढला. पूर्वेला रस्ता आणि कोप्या, उत्तरेला आमचं घर, दक्षिणेला सूरजचा कांदा, पश्चिमेला ओढा आणि त्यातली झाडी.

"मोटारसायकलीचा दिवा कसा पुढं पसरतो?" मी म्हणालो. "त्या उजेडातल्या कुठल्याही रेघेनं गाडी जाऊ शकते. जनावराचंही तसंच. कुठल्या रेघेनं जाईल ते आपण सांगू शकत नाही, पण उजेड कुठवर पडतो ते सांगू शकतो. आपण फक्त पूर्वेकडून तोडत यायचं, सगळे एका ओळीत. आवाज पूर्वेला. मग तिचे सगळे बाण पश्चिमेला वळतील आणि ओढ्यापर्यंत ऊस सलग राहील. शेवटपर्यंत तिला वाट आहे."

हौशीराम म्हणाला, "येका वळीत म्हनजे दोन दिस जास्ती."

"माणूस दवाखान्यात नेण्यापेक्षा बरे."

"हे बरूबर हाय," बहिरू म्हणाला. एवढंच म्हणाला, पण मला आठ वर्षांत कुणी असं म्हटलं नव्हतं.

सोनीबाई भिंतीकडे टक लावून होती. "आन ती हाललीच न्हाई तर?"

"आवाज जवळ आला की हलणारच."

"मी बाळंतीन व्हते तवा फडात आग लागली व्हती, भाऊ. समदे पळाले. मी बसून ऱ्हायले. लेकरू पदराखाली व्हतं, उठाया सुदरंना."

मी तिला समजावलं, की भीतीनं जनावर पळतंच. बाण पुन्हा काढून दाखवले. ती "असंल बाबा" म्हणाली.

१८ जानेवारी

दिवसभर ओळीनं तोड. ठरवल्यासारखी. दोन एकर झाले. पिल्लाच्या जागेभोवतीचा ऊस राखून, ओढ्यापर्यंत पट्टा सलग ठेवलाय. सूरज बांधावर उभा राहून पाहत होता. एक प्रमेय सिद्ध झाल्यासारखं वाटतंय. रात्री अंजनाला मॅडमच्या मोडक्या खडूची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ही तुम्ही लग्नाच्या आठवड्यातच सांगितली होती. आणि त्यानंतर दर पावसाळ्यात एकदा."

२२ जानेवारी, नारायणगाव, दवाखाना

डावा खांदा बांधलेला आहे, उजवा हात मोकळा. एकोणतीस टाके. इंजेक्शनं चालू आहेत.

१९ तारखेला दुपारपर्यंत पट्टा तेवढा उरला, आठ-दहा सऱ्यांचा. ढोल वाजवला, डबे वाजवले. काही हललं नाही. ओढ्याकडच्या अंगाला बहिरूनं बारीक राख पसरून ठेवली होती, तिच्यावर माग नव्हता. मी म्हणालो, ती पहाटेच गेली असणार, राख टाकण्याच्या आधी. पिल्लूही नेलं असेल.

सोनीबाईनं कोयता खाली ठेवला. "ती बसलीया. म्या न्हाई जानार आत, आन ह्या पोरींनाबी न्हाई जाऊ देनार."

हौशीराम तिच्यावर ओरडला. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. भिंतीवर सगळं मांडून दाखवलं होतं ना मी. म्हणालो, "मी बघून येतो." बहिरू म्हणाला थांबा. मी थांबलो नाही.

चौथ्या सरीत ती होती. पाचटाच्याच रंगाची, जमिनीला चिकटलेली, पोटाशी पिल्लू. आमच्यात दोन हात अंतर. ती पळून गेलेली नव्हती, कुठे निघालेलीही नव्हती. किती वेळ ती त्या ढोलाखाली अशीच बसून असेल, हा विचार मला त्या क्षणी आला हे मी शपथेवर सांगतो. मग काही पिवळं अंगावर आलं आणि मी पाठीवर पडलो. दुखलं नाही, जड वाटलं. तिच्या तोंडाला गरम वास होता.

बहिरूनं मला पायांना धरून ओढलं. सोनीबाई म्हणे ओरडत होती, "पाठलाग करू नगा! समदे हिकडं या, तिला जाऊ द्या!" काठ्या घेऊन निघालेल्या पोरांपुढे ती हात पसरून उभी राहिली. आणि सूरज तिच्या शेजारी. हे मला अंजनानं सांगितलं, मला दिसलं नाही. मादी दोन पावलं मागं गेली, पिल्लू मानेला धरून उचललं आणि राखेवरून ओढ्यात उतरली. ओढ्याची बाजूही बंद असती, तर ती मला ओलांडून कोप्यांकडे आली असती. तिथं चार तान्ही मुलं होती.

मला जीपमधून सूरजनं आणलं. वाटेत म्हणाला, "भाऊ, शुद्धीत ऱ्हावा. पाढे म्हना." मी सतराचा म्हटला.

२५ जानेवारी

सोनीबाई भेटायला आली, टोळी पुढच्या गावाला जायच्या आधी. दाराशी चप्पल काढून खाली बसू लागली. मी तिला खुर्चीवर बसवलं.

"मावशी, तुमचं बरोबर होतं."

"मला कुटं काय म्हाईत. म्या आपली माजी गोष्ट सांगितली."

ती गेल्यावर दिवसभर छताकडे बघत पडलो. मी प्रत्येक बिंदूपाशी बाण काढले, लहान मोठे, सगळ्या दिशांचे. पण लांबी नसलेला बाण काढलाच नाही. थांबणं. संचात शून्य धरायचं राहिलं. शून्य धरलं की ती कुठल्याही सरीत हवा तितका वेळ बसू शकते, आणि हे फक्त एका ओळीत लिहायचं होतं. शिवाय दुसरी चूक. मी सिद्ध केलं होतं की तिला वाट आहे. आणि धरून चाललो की ती त्याच वाटेनं गेलेली आहे. 'एक तरी वाट' आणि 'सगळ्या वाटा' यांतला फरक मॅडम दर तासाला बजावायच्या. फळ्यावर ठोकून.

९५ साली मी त्यांना पत्र लिहिलं होतं, परत येत नाही म्हणून. उत्तर आलं नाही. रागावल्या असतील किंवा विसरल्या असतील, विद्यार्थी काय येतात आणि जातात. आज पुन्हा लिहिलं, सहा पानं. उसाचा नकाशा, पंखे, चूक, सगळं. पत्ता नाही असं अंजनाला म्हणालो, तर तिनं पर्समधून काढून दिला.

३ मार्च

पोस्टकार्ड. अक्षर थोडं कापरं झालंय, पण तेच.

"अमृत, शून्य संचात हवं हे मी तुला १९९२मध्ये सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस. त्या बाईंचं शेवटी ऐकलंस हे उत्तम. खांदा बरा झाला की गुरुवारच्या सेमिनारला ये. मी निवृत्त आहे पण खोलीची किल्ली माझ्याकडे असते. तू गेलास तिथून पुढे कुणीही त्या प्रश्नाला हात लावलेला नाही."

तीनदा वाचलं. मग बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते झोपलेत असं वाटलं, पण शेवटच्या ओळीला त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान हलवली.

८ ऑगस्ट

मार्च ते ऑगस्ट, दर आठवड्याला काहीतरी निघालं. खांदा, कांदा, आरोहीची शाळा. शेवटी अंजनानंच काल इस्त्री केलेला शर्ट खुंटीला लावला.

पहाटेच्या एसटीनं निघालो. पेठचा घाट उतरताना उजाडलं. शिवाजीनगरहून विद्यापीठापर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही. वडाखालचा चहावाला नाही आता. जिना मात्र तोच, तिसरी पायरी तुटकी.

खोलीत नऊ जण होते. मॅडम खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. किती लहान झाल्यात. मी इंग्रजीत सुरुवात केली आणि दोन वाक्यांतच अडकलो. आठ वर्षांत तोंडातून गेलंय.

"मराठीत सांग," मॅडम म्हणाल्या. "ऊस मराठीतच आहे."

मग सांगितलं. सव्वा तास. एका मुलीनं विचारलं, शून्य धरावं हे तुम्हाला कुठल्या निरीक्षणावरून सुचलं? म्हणालो, मला नाही सुचलं, सोनीबाईंना सुचलं, त्या ऊस तोडतात. मुलीनं वहीत नाव लिहून घेतलं, आडनाव विचारलं. मला आडनाव माहीत नव्हतं. ही लाज अजून जात नाही.

मॅडम स्टँडपर्यंत रिक्षातून सोडायला आल्या. गाडी लागायची होती. म्हणाल्या, "तुझ्या त्या पत्राला मी उत्तर लिहिलं होतं. फार कडू लिहिलं होतं. म्हणून टाकलं नाही. मग गोड लिहायला बसले, ते जमलं नाही. असे महिने गेले, मग वर्षं."

"मला वाटलं तुम्ही विसरलात."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या, आणि काठीनं रिक्षा वळवायला सांगितली.

खिडकीची जागा मिळाली. राजगुरुनगर येईपर्यंत मी रडत होतो. शेजारच्या सीटवरच्या पाहुण्यांनी शेंगा पुढे केल्या. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. आठवण येत नाही असं मी या डायरीत कुठेतरी लिहिलंय. ते पान शोधून फाडावं का?

११ ऑगस्ट

नाही फाडलं.

पावसानं ओढ दिलीय, तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी हवंय. संध्याकाळी विहिरीवर गेलो. सूरज मोटर बंद करत होता.

"सूरज, पाण्याची पाळी बदलून घेऊ. माझा गुरुवार तू घे, तुझा शुक्रवार मला दे."

"ह्या आठवड्यात?"

"कायमचं."

त्यानं हात पुसले. "गुरवारी काय हाय?"

"पुण्याला जायचंय."

"शिकवायला?"

"शिकायला."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या खांद्याकडे, मग पायांतल्या चिखलाकडे. हसेल असं वाटलं.

"किती वर्सं लागतील?"

"माहीत नाही."

"घ्या शुक्रवार," तो म्हणाला आणि चालू लागला. बांधावर पोचल्यावर वळून ओरडला, "पन शुक्रवारी लाईट दुपारची असती, भाऊ! ध्यानात ठेवा!"